नवा राउटर मोडेमला का चालत नाही? तारेच्या टोकावरच्या हक्काचा इतिहास

नवा राउटर आणला, खोक्यातली छोटी वायर मोडेमला जोडली, दिवे लागले, फोनवर वायफायचं नावही दिसलं. पण इंटरनेट नाही. जुना राउटर परत लावला की सगळं सुरळीत. म्हणजे लाइन ठीक आहे, मोडेम ठीक आहे. नवा राउटर दुसऱ्याच्या घरी लावला तर तिथे तोही ठीक चालतो. मग बिघडलंय काय?

पुष्कळदा काहीच बिघडलेलं नसतं. आडवा आलेला असतो तो एक नियम. बिघाड आणि नियम बाहेरून अगदी सारखे दिसतात, दोन्हींत लाल दिवा लागतो. पण बिघाड दुरुस्त करायचा असतो आणि नियम कुणीतरी, कधीतरी, काहीतरी कारणाने केलेला असतो. माझ्या पीएचडीचा विषय म्हणजे ग्राहकाच्या घरात बसणारी दूरसंचाराची यंत्रं. 'यात इतिहास कसला?' असं मला नेहमी विचारतात. तर आज हा लाल दिवाच उदाहरण म्हणून घेऊ.

मोडेमच्या लक्षात काय राहतं?

नेटवर्कला जोडता येणाऱ्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक ओळख क्रमांक मिळतो, मॅक ॲड्रेस. ४८ बिटांचा हा क्रमांक १९८० च्या इथरनेटच्या आराखड्यापासून चालत आलाय. त्याचा पहिला अर्धा भाग कंपनीचा, दुसरा त्या यंत्राचा. राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर तो छापलेला असतो.

अमेरिकेत टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट द्यायला सुरुवात झाली तेव्हा सगळ्या कंपन्यांचे मोडेम एकाच पद्धतीने चालावेत म्हणून १९९७ मध्ये डॉक्सिस नावाचं मानक आलं. त्यात मोडेम सुरू होताना कंपनीकडून एक छोटी फाइल उतरवून घेतो. वेग किती द्यायचा हे त्या फाइलमध्ये असतं, आणि आणखी एक गोष्ट असते: या मोडेममागे ग्राहकाची किती यंत्रं चालू द्यायची. कंपनीने काहीच लिहिलं नाही, तर आकडा धरायचा १.

आता गंमत बघा. ते एक यंत्र कुठलं? मोडेम चालू झाल्यावर जे पहिलं दिसेल ते. त्याचा मॅक ॲड्रेस मोडेम लक्षात ठेवतो आणि पुढे दुसरं कुणी आलं तर त्याला दाद देत नाही. ही आठवण पुसली जाते ती मोडेम बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावरच. 'मोडेमची पिन काढा, दोन मिनिटं थांबा, आधी मोडेम लावा आणि मग राउटर' हा सल्ला म्हणजे तोडगा किंवा टोटका नव्हे. जुन्या पाहुण्याचं नाव वहीतून खोडायची ती रीत आहे.

पण मोडेमने 'एकच' हे का मोजावं? त्यासाठी बरंच मागे जावं लागतं, इंटरनेटच्याही आधी.

एका कपावरून झालेला खटला

विसाव्या शतकात अमेरिकेत बहुतेक टेलिफोन एटी अँड टी या एकाच कंपनीच्या हातात होते. तार कंपनीची, खांब कंपनीचे आणि घरातला फोनसुद्धा कंपनीचाच, भाड्याने दिलेला. आम्ही न दिलेली कुठलीही वस्तू फोनला जोडायची नाही, असा कंपनीच्या दरपत्रकातच नियम होता. कारण असं सांगितलं जाई की जाळं एकसंध आहे, त्यात परकी वस्तू आली तर सगळ्यांचीच सेवा बिघडेल.

या नियमाला पहिला मोठा धक्का दिला हश-अ-फोन नावाच्या एका वस्तूने. ही होती फोनच्या तोंडाला बसवायची कपासारखी टोपी. तिच्यात बोललं की शेजारच्या टेबलावर ऐकू जात नसे. तिच्यात वीज नाही, तार नाही, काही नाही. तरी ती 'परकी वस्तू' ठरली. १९४८ मध्ये तक्रार सरकारी संचार आयोगाकडे गेली. टोपीमुळे पलीकडच्याला आवाज नीट ऐकू येत नाही, असं कंपनीचं म्हणणं, आणि १९५५ मध्ये आयोगाने ते मान्य केलं. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने निकाल उलटवला. हाताची ओंजळ तोंडापुढे धरून माणूस जे करू शकतो तेच टोपीने केलं, तर त्यात इतरांचं नुकसान कुठे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता. स्वतःला उपयोगी आणि दुसऱ्याला निरुपद्रवी, अशी वस्तू वापरायचा ग्राहकाला हक्क आहे.

या खटल्यात टोपीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तज्ज्ञांमध्ये जे. सी. आर. लिकलायडर होते. तेव्हा ते ध्वनी आणि श्रवणावर काम करत. हेच लिकलायडर १९६२ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेत संगणक संशोधनाचे प्रमुख झाले, आणि पुढे इंटरनेटला जन्म देणारी कल्पना तिथे रुजली. माझ्या विषयातला हा माझा सगळ्यात आवडता योगायोग.

कार्टरचा पाळणा

दुसरा धक्का टेक्सासमधून आला. तिथल्या थॉमस कार्टर यांनी तेलविहिरींवर दूर काम करणाऱ्या लोकांसाठी एक यंत्र बनवलं, कार्टरफोन. फोनचा रिसीव्हर त्याच्या पाळण्यात ठेवायचा, मग तारेवरचा आवाज वायरलेस सेटवर जाई आणि तिकडचा इकडे येई. टेलिफोनच्या तारेला विजेचा स्पर्शसुद्धा नाही, फक्त आवाजाची देवाणघेवाण. १९५९ ते १९६६ या काळात अशी सुमारे ३,५०० यंत्रं विकली गेली. कंपनीने ग्राहकांना सेवा बंद करायची तंबी दिली. कार्टर कोर्टात गेले, कोर्टाने प्रकरण आयोगाकडे पाठवलं आणि १९६८ मध्ये आयोगाने निकाल दिला: जाळ्याला अपाय करत नाही असं यंत्र जोडायला बंदी घालता येणार नाही.

इथेच गोष्ट संपली असती तर आजचा लेख लिहायची गरज नव्हती. कंपनीने निकाल मानला, पण एक मेख मारून ठेवली. तुमचं यंत्र जोडा, पण आमच्या लाइनला थेट नाही. मध्ये आमची 'संरक्षक' डबी बसवा. आणि डबीचं भाडं? अर्थातच दरमहा!

खरं सांगायचं तर धोक्याचं कारण निव्वळ बनाव नव्हतं. तारेवर चुकीचा दाब सोडणारं यंत्र खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. प्रश्न असा होता की यंत्र निर्धोक आहे हे ठरवणार कोण, ज्याचं भाडं बुडणार आहे तो, की तिसरा कुणी? १९७५ मध्ये आयोगाने उत्तर दिलं: तिसरा. यंत्राची चाचणी आणि नोंदणी करा, आणि मग ठरलेल्या जोडणीतून कुणाचंही यंत्र कुणीही लावा. कंपन्यांनी या नियमालाही कोर्टात खेचलं, पण तो टिकला.

त्या ठरलेल्या जोडण्यांना नाव मिळालं 'रजिस्टर्ड जॅक', म्हणजेच नोंदलेला जोड. आपण दुकानात 'आरजे ४५ ची वायर द्या' म्हणतो त्यातलं 'आरजे' ते हेच. काटेकोरपणे पाहिलं तर इथरनेटच्या पिनचं ते खरं नाव नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. १९८१ मध्ये हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला, तो फोनच्या लाइनमध्ये थेट खोचता येई. त्याआधी अनेकांचे मोडेम कार्टरच्या यंत्रासारखेच रिसीव्हरला कानाशी धरून बसत. घरगुती संगणक तारेवर आला तो या निकालांच्या वाटेवरून.

एक वर्गणी, एक संगणक

नव्वदीच्या शेवटी केबल आणि डीएसएल आलं आणि जुना वाद नव्या रूपात उभा राहिला. कंपनीचा हिशोब साधा होता: एक वर्गणी, एक संगणक, एक आयपी पत्ता. दुसरा संगणक लावायचाय? बऱ्याच कंपन्या त्याचे दरमहा वेगळे पैसे घेत. इथेही तांत्रिक कारण होतंच, आयपी पत्ते मोजकेच आहेत. पण मोजणी आणि बिल एकाच आकड्यावर चालत होतं, हेही खरं.

यावरचा उतारा अभियंत्यांनी वेगळ्याच कामासाठी आधीच शोधून ठेवला होता. एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक यंत्रं लपवायची नॅट नावाची युक्ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९६ मध्ये काही पत्ते कायमचे 'घरगुती' म्हणून राखून ठेवले गेले. तुमच्या राउटरचं १९२.१६८ ने सुरू होणारं पान त्यातूनच आलंय. घरगुती राउटर म्हणजे हीच युक्ती डबीत घालून विकायला ठेवलेली. मोडेमला वाटतं मागे एकच यंत्र आहे. खरं तर अख्खं घर आहे.

आणि मोडेमने जुन्या संगणकाचा क्रमांक लक्षात ठेवला असेल तर? त्यासाठी राउटरवाल्यांनी एक खास बटण दिलं, 'मॅक क्लोन'. नवा राउटर जुन्या यंत्राचा क्रमांक सांगतो आणि आत शिरतो. आजही राउटरच्या सेटिंगमध्ये कोपऱ्यात ते असतं. बहुतेक जण ते कधी उघडत नाहीत, पण मला ते अभिलेखागारातल्या कागदाइतकंच बोलकं वाटतं. ज्या कुलपाला किल्ली लागते, ते कुलूप कधीतरी कुणीतरी लावलेलं असतं.

आपल्याकडे

भारतातली वाट वेगळी होती. १८८५ च्या तार कायद्याने तार आणि नंतर टेलिफोन चालवायचा हक्क सरकारकडेच ठेवला. मुंबईत परवान्यावर खाजगी कंपनी होती, ती १९४३ मध्ये सरकारने घेतली; १९८६ मध्ये तिथली सेवा एमटीएनएलकडे आली. कार्टरसारखा खटला आपल्याकडे गाजला नाही. त्यामुळे तारेच्या टोकावर हक्क कुणाचा, हा प्रश्न आपल्याला नियम म्हणून कमी आणि 'ऑपरेटरला फोन लावा' म्हणून जास्त भेटतो.

आपले तीन नमुने सांगते. पहिला, युजरनेम आणि पासवर्डचा. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ मध्ये सुरू झालं ते पीपीपीओई पद्धतीने, म्हणजे कुणीतरी लॉगिन करायला हवं. ते मोडेमनेच केलं तर राउटरने पुन्हा करायचं नाही. मोडेम 'ब्रिज'वर असेल तर राउटरलाच करावं लागतं. दुसरा, गल्लीतल्या केबलवाल्याचा. त्याच्या सर्व्हरवर तुमच्या जुन्या राउटरचा मॅक बांधलेला असू शकतो. अशा वेळी घरातला मोडेम दहादा बंद-चालू करून उपयोग नाही, वही त्याच्याकडे आहे. तिसरा फायबरचा. इथे डबीचा अनुक्रमांकच कंपनीकडे नोंदलेला असतो आणि बऱ्याचदा त्याच डबीत राउटरही असतो.

मग करायचं काय?

आता क्रम लावणं सोपं आहे. आधी वायर राउटरच्या 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या खाचेत आहे ना ते बघा, ती बाकीच्यांपेक्षा वेगळी असते. मग मोडेम पूर्ण बंद करा. फोनची सेवा असलेल्या काही मोडेममध्ये बॅटरी असते, त्यामुळे पिन काढूनही ते जागेच राहतात. तिथे बॅटरीही काढावी लागते. मोडेम स्थिर झाला की राउटर लावा.

तरी नाही? मग राउटरचं पान उघडून वॅनचा पत्ता बघा. पत्ताच नसेल, तर लॉगिन किंवा मॅकचा प्रश्न: पीपीपीओईची माहिती भरा, नाहीतर जुन्या राउटरचा मॅक क्लोन करा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर पुढची डबीही राउटरचं काम करतेय. दोघांचा घरगुती पत्ता एकच असेल, तर ते एकमेकांत अडकतात. नव्याचा बदला, किंवा पुढची डबी ब्रिजवर टाकून मागा.

यातली वॅनची खाच आणि पत्त्यांची टक्कर या निव्वळ तांत्रिक गोष्टी. बाकी जवळजवळ सगळ्या पायऱ्या 'तारेच्या टोकाला कोण बसणार' या जुन्या प्रश्नाच्या आहेत. म्हणूनच ऑपरेटरला फोन लावाल तेव्हा 'नेट चालत नाही' एवढंच सांगू नका. 'माझ्या जोडणीवर मॅक बांधलाय का, असेल तर नवा नोंदवा' असं सांगा. पहिल्या वाक्यावर माणूस पाठवला जातो, दुसऱ्यावर पुष्कळदा फोनवरच काम होतं.

हा वाद अजून मिटलेला नाही. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमात ग्राहकाला आपल्या पसंतीचं यंत्र वापरायचा हक्क दिला. जर्मनीत तर १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे: कंपनीचं जाळं भिंतीतल्या सॉकेटपाशी संपतं, पुढचा मोडेमही ग्राहक निवडू शकतो. केबल कंपन्यांचा युक्तिवाद तिथेही ओळखीचाच होता, परक्या यंत्राने जाळं बिघडेल. दर वेळी हा युक्तिवाद खोटा असतो असं नाही. पण हश-अ-फोनच्या टोपीपासून दर वेळी तपासावे लागलेले दोन प्रश्न मात्र तेच आहेत: अपाय नेमका कुणाला, आणि ते ठरवतंय कोण?