अनिश्चितता-आलेखन

अनिश्चितता-आलेखन : अंदाजाचा एकच आकडा न देता त्याभोवतीच्या शक्यता कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत, हे चित्राने दाखवण्याची संख्याशास्त्रातील पद्धत. अंदाजाची रेघ कोणीही ओढू शकतो. तिच्यावर किती विसंबायचे ते दाखवताना खरा कस लागतो.

रूढ साधन म्हणजे एरर बार : बिंदूतून जाणारी उभी रेघ आणि तिच्या दोन टोकांना आडव्या टोप्या. ही रेघ प्रमाण विचलनाची असू शकते, प्रमाण त्रुटीची किंवा ९५ टक्के विश्वास अंतरालाचीही. तिघींची लांबी वेगळी, रूप मात्र एकच. खाली खुलासा नसेल तर अशी रेघ वाचूच नये. शिवाय रेघेच्या आतले सगळे सारखेच शक्य आणि बाहेरचे अशक्य, असा चुकीचा समज ती करून देते. जॉन टुकी यांनी रूढ केलेला बॉक्स प्लॉट मध्यक आणि चतुर्थके नेमकी दाखवतो, पण वितरणाला दोन शिखरे असतील तर ती त्या पेटीत गडप होतात. १९९८ मध्ये हिंट्झ व नेल्सन यांनी मांडलेल्या व्हायोलिन प्लॉटमध्ये ती दिसतात.

आज हे काम मुख्यतः ‘आर’ आणि ‘पायथन’ या भाषांमध्ये चालते. ‘आर’मधील ‘जीजीप्लॉट२’ हे हॅडली विकम यांचे पॅकेज लेलंड विल्किन्सन यांच्या आलेखांच्या व्याकरणाच्या कल्पनेवर उभे आहे. त्याला जोडून चालणारे मॅथ्यू के यांचे ‘जीजीडिस्ट’ खास वितरणांसाठी आहे. त्यातील ‘हाफआय’ आलेखात वर घनतेची टेकडी असते आणि खाली बिंदूसह जाड-बारीक रेघ. वेगळे काही सांगितले नाही, तर जाड भाग ६६ टक्क्यांचा आणि बारीक भाग ९५ टक्क्यांचा धरला जातो. टेकडीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. बसच्या प्रतीक्षेच्या मिनिटांसारखी राशी शून्याखाली जाऊच शकत नाही, तरी ‘आर’चे मूळ घनता-फलन वक्र गुळगुळीत करताना शेपूट ऋण बाजूला नेते. चित्र देखणे होते आणि बस तुम्ही विचारण्याआधीच येऊन गेलेली असते!

टेकडीचे क्षेत्रफळ डोळ्यांनी मोजता येत नाही, ठिपके मात्र मोजता येतात. के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये बसच्या वेळांसाठी मांडलेला क्वांटाइल डॉटप्लॉट या साध्या गोष्टीवर उभा आहे. वितरणातील २.५, ७.५, १२.५ असे करत ९७.५ टक्क्यांपर्यंतची वीस स्थाने घ्यायची आणि प्रत्येक ठिकाणी एक ठिपका रचायचा. एक ठिपका म्हणजे विसांत एक शक्यता. समजा, आठ मिनिटांच्या डावीकडे तीन ठिपके आहेत. म्हणजे आठव्या मिनिटाला थांब्यावर पोचणाऱ्याची बस वीसपैकी तीन वेळा चुकणार. चहा घ्यायचा की नाही, हे आता ज्याने त्याने ठरवावे. प्रस्तुत लेखकाच्या मते सामान्य वाचकासाठी याहून प्रामाणिक चित्र अजून निघालेले नाही.

काळानुसार पसरत जाणाऱ्या अनिश्चिततेसाठी पंखा-आलेख वापरतात. बँक ऑफ इंग्लंडने महागाईच्या अंदाजासाठी तो १९९६ मध्ये सुरू केला : मध्याशी गडद, कडांकडे फिकट होत जाणारे पट्टे. मुंबईत मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण अहवालांतही ५०, ७० आणि ९० टक्क्यांच्या पट्ट्यांचे असे पंखे आले आहेत. मात्र बँक ऑफ इंग्लंडच्या अंदाजपद्धतीची तपासणी करणारे बेन बर्नान्की यांनी २०२४ मध्ये हे पंखे बंद करून पर्यायी परिस्थितींची चित्रे मांडावीत, अशी शिफारस केली.

सर्वाधिक गैरसमज झाला तो चक्रीवादळाच्या वाटेचा अंदाज नकाशावर दाखवणाऱ्या शंकूबद्दल. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचा शंकू मागील पाच वर्षांच्या चुका मोजून आखतात. त्या काळातल्या सुमारे दोन-तृतीयांश चुका मावतील एवढी त्याची रुंदी असते. शंकू म्हणजे वादळाच्या केंद्राची संभाव्य वाट, वादळाचा आकार नव्हे. तरी शंकू पसरला की वादळ फुगले, असे लोक वाचतात. ऑगस्ट २००४ मध्ये ‘चार्ली’ वादळ फ्लोरिडात पुंता गोर्डाजवळ धडकले. ते गाव शंकूच्या आतच होते, पण लोकांचे डोळे टँपाकडे जाणाऱ्या मधल्या रेघेवर खिळले होते. या केंद्राचा नकाशा आता त्या रेघेविनाही पाहता येतो.