ड्रायरच्या पाठीमागचा इतिहास

ड्रायर म्हणजे अमेरिकनांचे चोचले, असं इथे नवीन आलेल्या आपल्या मंडळींना वाटतं. पण गोष्ट वेगळीच आहे बरं का! नॉर्थ डकोटाच्या कडाक्याच्या थंडीत आईला बाहेर कपडे वाळत घालावे लागत, म्हणून म्हणे जे. रॉस मूर या यंत्रामागे लागला. १९३८ मध्ये हॅमिल्टन कंपनीने ते बाजारात आणलं. नाव ‘जून डे’!

ऊन घरात आलं, सोबत कपड्यांचे तंतूही. ते मागच्या घडीदार नळीत साठतात, हवा कोंडते, ड्रायर तापतो... २००८ ते २०१० मध्ये अमेरिकेतल्या घरांत वर्षाला अंदाजे २,९०० ड्रायर-आगी लागल्या. सर्वांत मोठं कारण? साफसफाई न करणं.

म्हणून मी प्लास्टिकची नळी काढून चार इंची, गुळगुळीत पत्र्याची बसवली. जोडांना स्क्रू नाहीत, फॉइल टेप. स्क्रूच्या टोकांत तंतू अडकतात. या शनिवारी तुम्हीही ड्रायरमागे डोकावाच!