कोलनचे पाणी आणि लखनौचा फाया

लखनौच्या आलमबागेत आज बाग अशी उरलेली नाही. बसस्थानक आहे, मेट्रोचे स्थानक आहे, चंदरनगरचा दाट बाजार आहे. आणि त्या गर्दीत अवधचे नबाब वाजिद अली शाह यांनी आपल्या बेगमेसाठी उभारलेल्या बागेचा जुना दरवाजा तेवढा शिल्लक आहे. १८५७ च्या रणधुमाळीत बागेचा किल्ला झाला, आणि इंग्रज सेनापती हॅवलॉक याचे थडगेही तेथेच आले. नोकरीनिमित्त या भागात वावरताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. येथल्या दुकानांत एका फळीवर अत्तराच्या इवल्याशा कुप्या असतात आणि दुसरीवर, लिंबाचे चित्र मिरवणाऱ्या, 'खास पुरुषांसाठी' असे सांगणाऱ्या फवाऱ्याच्या बाटल्या. कचेरीत जाणारा तरुण बहुधा दुसऱ्या फळीकडे वळतो. बाटली स्वस्त असते, वास प्रसन्न असतो. आणि दोन-तीन तासांनी तो तक्रार करतो, की वास उडाला, पैसे फुकट गेले.

ही तक्रार कितपत रास्त आहे, हे पाहावयाचे तर त्या बाटलीचे कुळ शोधले पाहिजे.

ते कुळ जर्मनीतील कोलन शहरी सापडते. योहान मारिया फरिना हा इटालियन गृहस्थ तेथे स्थायिक झाला. त्याच्या पेढीची स्थापना १७०९ ची. आदल्याच वर्षी भावाला धाडलेल्या पत्रात त्याने लिहिले होते, की पावसानंतरच्या इटालियन वसंतप्रभातीची आठवण देणारा सुगंध आपणास गवसला आहे. कस्तुरी आणि अंबर यांच्या जड वासांना सरावलेल्या युरोपात ही नवलाईच होती. बर्गामोट, लिंबू, नारिंग यांच्या सालींचे तेल, नारिंगीच्या मोहोराचा अर्क आणि काही वनस्पती, हे सारे शुद्ध मद्यार्कात विरघळविलेले. त्याने आपल्या दत्तक नगरीचा मान राखून त्यास कोलनचे पाणी असे नाव दिले. नाव इतके गाजले, की पुढे फरिना या आडनावाची माणसे शोधून केवळ आडनावासाठी त्यांच्याशी भागीदारी करण्याचा धंदाच कोलनात सुरू झाला. आज '४७११' या आकड्याने ओळखली जाणारी म्युल्हेन्स यांची पेढीही १८८१ पर्यंत फरिना हेच नाव लावीत होती. स्वस्त नकलेची परंपरा अशी मूळ वस्तूइतकीच जुनी आहे. आलमबागेतील दुकानदाराला त्याबद्दल एकट्याने दोष देण्यात अर्थ नाही.

हे पाणी केवळ अंगाला लावीत नसत, औषध म्हणून पीतही असत. १८१० साली नेपोलियनच्या राजवटीने गुप्त औषधांची कृती सरकारला कळविण्याचा हुकूम काढला, तेव्हा कृती उघड करण्यापेक्षा हे औषधच नव्हे, निव्वळ सुगंध आहे, असे म्हणणे उत्पादकांना सोयीचे वाटले. स्वतः नेपोलियन मात्र त्याचा मोठा भोक्ता होता.

आपल्याकडे ते आले ते औषधाचा वास घेऊनच. मराठी घरांत 'युडीकोलन' हा शब्द उच्चारला, की जुन्या पिढीला शृंगार आठवत नसे. आठवे ते तापाने फणफणलेले कपाळ आणि त्यावरची ओली घडी. मद्यार्क झरझर उडून जातो आणि जाताना अंगातील उष्णता घेऊन जातो, एवढेच त्यामागील शास्त्र. टाटांच्या तेल कारखान्यानेही कोलनचे पाणी देशात तयार करून विकले होते.

नेपोलियनच्या हुकुमाने उठविलेला प्रश्न, हे पेय की सुगंध, पुढे मुंबईतही उपस्थित झाला, आणि ती हकीगत मला सर्वांत मनोरंजक वाटते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मद्याची व्याख्या इतकी व्यापक होती, की मद्यार्क असलेला प्रत्येक द्रव तिच्यात सापडावा. एफ. एन. बलसारा नामक नागरिकाने न्यायालयात धाव घेतली. आपणास जे बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क आहे म्हणून त्यांनी सांगितले, त्या यादीत व्हिस्की, ब्रँडी यांच्या जोडीला युडीकोलन आणि लॅव्हेंडरचे पाणीही होते! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे १९५१ च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग उचलून धरला; व्हिस्कीला अभय मिळाले नाही. परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंदी अवाजवी ठरवून तेवढी कलमे रद्द केली. घटनाशास्त्राचे विद्यार्थी हा खटला वेगळ्याच मुद्द्यांसाठी अभ्यासतात. सामान्य माणसाच्या कपाटातील कोलनच्या बाटलीला त्याने संरक्षण दिले, याची आठवण क्वचितच कोणी काढतो. पुढे १९५५ साली औषधी व प्रसाधने यांतील मद्यार्कावरील अबकारीचा स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत तो टिकला. स्वस्त सुगंधाची किंमत लिंबावर जितकी ठरते, तितकीच अशा कायद्यांवरही ठरते, हे आम्हा सरकारी नोकरांस सांगणे नलगे.

आता तक्रारीकडे वळू. लखनौ-कनौजच्या अत्तरात मद्यार्क नसतो. तांब्याच्या डेगेत फुले व पाणी उकळते, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, आणि तेथे चंदनाचे तेल तिची वाट पाहत असते. चंदन हा जड, संथ पदार्थ. तो फुलाचा गंध धरून ठेवतो. म्हणून कानात ठेवलेला अत्तराचा फाया दिवसभर साथ देतो. लिंबाच्या सालीतील तेल याच्या नेमके उलट स्वभावाचे. त्याचे रेणू लहान, हलके. हवेत मिसळण्याची त्यांना घाई. जो गुण नाकाला प्रथम सुखावतो, तोच गुण त्यास टिकू देत नाही. तात्पर्य, लिंबाचा खरा सुगंध लवकर उडाला तर ती फसवणूक नव्हे. उलट अल्प किमतीची बाटली सकाळचा लिंबू संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा टिकवीत असेल, तर मला तिचा अधिक संशय येतो.

तो टिकाऊ ताजेपणा येतो कोठून? विसाव्या शतकातील रसायनशाळेतून. १९६६ साली एदमाँ रुदनित्स्का याने 'ओ सोवाज' रचताना लिंबाला हेडिओन या कृत्रिम द्रव्याची जोड दिली, आणि त्या जुन्या पाण्यास नवे आयुष्य लाभले. ते काम कलावंताचे होते. त्यानंतर डायहायड्रोमायर्सिनॉल हे स्वस्त द्रव्य पुढे आले: लिंबू, लॅव्हेंडर आणि थंडगार धातू यांच्या मधला काहीसा वास. १९८८ च्या 'कूल वॉटर'मध्ये ते भरपूर आहे, आणि ते धुण्याच्या पावडरीतही जाते. स्वस्त बाटली हुंगताना धुतलेल्या कपड्यांची आठवण होते ती यामुळे. आपल्या देशात तर १९७० च्या दशकात धबधब्याखाली न्हाणाऱ्या तरुणीच्या जाहिरातीने 'लिरिल' साबण घरोघरी पोहोचविला आणि ताजेपणा म्हणजे लिंबू हे समीकरण पक्के केले. त्या जाहिरातीत स्त्री होती हे लक्षात घ्यावे. फरिनाचे पाणी स्त्री-पुरुष दोघेही वापरीत, लखनौचे अत्तरही दोघांचे. बाटलीवरील 'पुरुषांसाठी' ही अक्षरे फार तर विक्रेत्याची सोय होत.

मग पारख कशी करावी? दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून तर मुळीच नव्हे. मनगटावर लावावे, मद्यार्काचा पहिला झणका जाऊ द्यावा, आणि बाजार फिरून अर्ध्या तासाने पुन्हा हुंगावे. लिंबू गेल्यावर मागे जे राहते त्याची किंमत आपण मुख्यतः मोजलेली असते. तेथे लाकडाचा, गवताचा स्वच्छ वास राहिला तर बाटली सुखाने घ्यावी. फरशी पुसल्याचा वास राहिला तर परत ठेवावी. बर्गामोटचे अशुद्ध तेल लावून कडक उन्हात गेल्यास कातडीवर डाग पडतात, म्हणून ते कपड्यावर शिंपडलेले बरे. बाटलीही उन्हात ठेवू नये, जुन्या लिंबाच्या तेलाने अंगास खाज सुटू शकते.

स्वस्ताईचा आणखी एक मार्ग याच शहरातून जातो. १९५९ साली स्थापन झालेली आणि आज 'सीमॅप' या नावाने ओळखली जाणारी औषधी व सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संस्था लखनौतच आहे, आणि गवती चहाच्या सुधारित जाती हे तिचे एक महत्त्वाचे काम. आपण ज्या पात्या चहात टाकतो, त्यांच्या तेलात बहुतांश सिट्रल असते. लिंबाला लिंबूपण देणारे द्रव्य तेच. ते सालीच्या तेलाइतके नाजूक नाही, काहीसे रांगडे आहे. परंतु इटलीतील बर्गामोटपेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि अंमळ अधिक टिकते. बाटलीच्या तळाशी चंदन नाही, तरी निदान खसाचा थोडा आधार असावा, एवढी अपेक्षा मी ठेवतो. तसे एक मिश्रण सध्या मी वापरीत आहे. जूनच्या उन्हात आलमबागेहून चारबागेपर्यंत ते सोबत करते. पुढच्यासाठी खिशात छोटी कुपी असते.