तीनशे नऊ आणि एकवीस : संघ, श्रद्धा आणि विजय हजारे

१/ जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी दोन खांबांना जाळे बांधले जाते आणि व्हॉलीबॉल सुरू होतो. या खेळाचा एक नियम मुलांच्या अंगवळणी पडलेला असतो : जाळ्यावरचा अडथळा सोडला, तर एकाच खेळाडूने चेंडूला लागोपाठ दोनदा हात लावायचा नाही. कितीही निष्णात असला, तरी त्याला चेंडू सोबत्याकडे सोपवावाच लागतो. हा खेळ एका ख्रिस्ती संस्थेच्या व्यायामशाळेत जन्मला, हे मात्र खेळणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसते.

२/ साल १८९५. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक या गावी ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ म्हणजे वायएमसीएचा व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन याने प्रौढ सभासदांसाठी हा खेळ रचला. बास्केटबॉल त्यांना फार दांडगाईचा वाटत होता. तो बास्केटबॉलही याच संस्थेचा : डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षणशाळेत जेम्स नाइस्मिथ याने पीच फळांच्या टोपल्या टांगून तो सुरू केला.

३/ नाइस्मिथ हा धर्मशास्त्राचा पदवीधर. विद्यार्थिदशेत तो फुटबॉल खेळे. एकदा ऐन सामन्यात एका सोबत्याच्या तोंडून शिवी गेली आणि लगेच त्याने नाइस्मिथची क्षमा मागितली. तू इथे आहेस हे विसरलोच, असे तो म्हणाला. नाइस्मिथने त्याला उपदेश असा कधीच केला नव्हता. प्रवचनपीठावरून जे साधत नाही ते मैदानावर साधेल, हा विचार त्याच्या मनात अशा अनुभवांतून रुजला.

४/ सांघिक खेळ हे श्रद्धा जगण्याचे शिक्षण आहे, ही कल्पना आज ख्रिस्ती शाळांतून इतकी रुळली आहे की ती ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी असावी असे वाटते. ती तशी नाही. तिचे वय दोनशे वर्षांच्या आतच आहे. आणि मराठी मुलखात तिची जी परीक्षा झाली, ती फार कमी ठिकाणी झाली असेल.

५/ नव्या करारात खेळ आहेत, पण ते एकेकट्याचे. प्रेषित पौल करिंथ शहरात सुमारे दीड वर्ष राहिला. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल धावपटूचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला देतो : ते कोमेजणाऱ्या मुकुटासाठी देह कसतात, श्रद्धावंताने न कोमेजणाऱ्यासाठी कसावा. समर्थांच्या मारुतींना आणि गावोगावच्या तालमींना ओळखणाऱ्या मराठी माणसाला हे सांगणे परके वाटू नये. तालमीतही देह कसायचा तो ज्याचा त्याने.

६/ संघाला जवळची प्रतिमा त्याच पत्रात थोडी पुढे, बाराव्या अध्यायात येते, पण तेथे खेळ नाही. तेथे शरीर आहे. मंडळी हे एक शरीर, माणसे त्याचे अवयव. डोळा हाताला, मस्तक पायाला ‘तुझी गरज नाही’ असे म्हणू शकत नाही. उलट जे अवयव दुबळे दिसतात तेच आवश्यक असतात. हा मुद्दा लक्षात असू द्यावा. पुढे मुंबईच्या एका मैदानावर त्याची आठवण होणार आहे.

७/ या दोन प्रतिमांची सांगड घातली ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडने. टॉमस ह्यूज याची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी १८५७ साली आली. रग्बी शाळा, मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड, फुटबॉल आणि क्रिकेट यांतून घडणारा सच्छील मुलगा, असे तिचे चित्र. गंमत अशी की प्रत्यक्षातल्या आर्नल्डला खेळांचे विशेष प्रेम नव्हते. ते त्याला त्याच्या विद्यार्थ्याच्या लेखणीने बहाल केले. या विचाराला जे इंग्रजी नाव पडले त्याला मराठीत ‘बलोपासक ख्रिस्तधर्म’ म्हणता येईल.

८/ हा विचार मिशनऱ्यांबरोबर भारतात आला तो साम्राज्याच्या छायेत, हे विसरून चालत नाही. श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को याने १८९१ मध्ये फुटबॉल आणला. चामड्याच्या चेंडूला स्पर्श करण्यास पंडितांच्या मुलांनी नकार दिला, तेव्हा छडीचा धाक दाखवून त्यांना मैदानात उतरवण्यात आले. या प्रसंगाचे कौतुकाने वर्णन करण्याची प्रथा आहे. परंतु सोबत्यासाठी झिजण्याचा जो धडा छडीने शिकवावा लागतो, त्यात धडा किती आणि छडी किती, हे विचारलेच पाहिजे.

९/ पुढचा टप्पा सौम्य होता. १९२० साली हॅरी क्रो बक याने मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. देशातील या विषयाच्या आद्य संस्थांपैकी ही एक. जाळे आणि टोपली भारतीय शाळांच्या अंगणात पोहोचली, त्यात अशा संस्थांत तयार झालेल्या क्रीडाशिक्षकांचा वाटा मोठा आहे.

१०/ आता मुंबई. येथे कल्पना उलटी झाली. संघातून श्रद्धा शिकायची, याऐवजी श्रद्धेवरूनच संघ ठरू लागले. १८९२ पासून युरोपीय विरुद्ध पारशी हा वार्षिक सामना. १९०७ मध्ये हिंदू आले आणि तो तिरंगी झाला. १९१२ मध्ये मुसलमान आले, चौरंगी झाला. देशातली सर्वांत लोकप्रिय क्रिकेटस्पर्धा अशी धर्माच्या वाफ्यांत वाढली.

११/ वाफ्याच्या आतही सारे एक नव्हते. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले, त्या काळातले अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात हिंदूंच्या संघातून ते खेळत, चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. पण चहाच्या वेळी सोबती आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

१२/ चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला एकच असतो. म्हणून मराठी ख्रिस्ती समाजात जातीच्या खुणा उरल्या नाहीत, असे मात्र नाही. एक संघ म्हणवणे आणि एका भांड्यातून पिणे यांतले अंतर दोन्हीकडे होते.

१३/ १९३७ मध्ये पाचवा संघ आला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. (त्या वर्षी नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममधील जागांच्या वाटपावरून हिंदूंनीच अंग काढून घेतले, त्यामुळे पहिल्या पंचरंगीत रंग चारच होते.) पाचव्या संघात भारतीय ख्रिस्ती, ज्यू, सिलोनचे काही बौद्ध अशी मंडळी. बाकीच्या चौघांना स्वतःचे नाव होते. याला नाव मिळाले ‘द रेस्ट’. म्हणजे उरलेले. शाळेतल्या इंग्रजीवर विसंबणाऱ्याला ती विश्रांतीही वाटावी.

१४/ या उरलेल्यांत विजय सॅम्युअल हजारे होते. जन्म ११ मार्च १९१५, सांगली. मराठी प्रोटेस्टंट घर, वडील शाळाशिक्षक, आठ भावंडे. स्वभाव कमालीचा अबोल. १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी पुण्यात नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीत त्रिशतक करणारे ते पहिले भारतीय. रणजी स्पर्धेत ते महाराष्ट्राचे होते, पुढे बडोद्याचे झाले. पंचरंगीत मात्र सांगली, पुणे, बडोदे यांपैकी काहीच मोजले जात नसे.

१५/ डिसेंबर १९४०. मुंबईच्या हिंदू जिमखान्याची मंडळी या सामन्यांबाबत सल्ला विचारण्यास वर्ध्याला गांधीजींकडे गेली. महाविद्यालयांचे, संस्थांचे संघ असावेत हे समजते. हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ का असावेत हे आपल्याला कधीच समजले नाही, असा गांधीजींच्या उत्तराचा आशय होता. सामने तरीही चालूच राहिले. प्रेक्षक अलोट येत होते, आणि गर्दीपुढे तत्त्वाचे फारसे चालत नाही.

१६/ आणि मग १९४३-४४ चा हंगाम. उपांत्य सामन्यात ‘द रेस्ट’कडून हजारे यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा काढल्या. हा स्पर्धेतला विक्रम. अंतिम सामना ब्रेबॉर्नवर, हिंदूंशी. विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून तो विक्रम लगेच मोडला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. ‘द रेस्ट’चा पहिला डाव १३३ वर संपला, त्यांत हजारे यांच्या ५९.

१७/ फॉलोऑन मिळाल्यावरचा दुसरा डाव म्हणजे भारतीय क्रिकेटमधला एक विलक्षण एकांत. ‘द रेस्ट’ने एकूण ३८७ धावा केल्या. त्यांतल्या ३०९ एकट्या हजारे यांच्या. बाकी दहा फलंदाज आणि अवांतर धावा मिळून ७८. शंभरातल्या जवळजवळ ऐंशी धावा एका माणसाच्या! सामना हिंदूंनी एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला.

१८/ ही गोष्ट सहसा येथे थांबते : एकटा वीर आणि दुबळा संघ. धावफलक मात्र आणखी एक नाव दाखवतो. विजय यांचे बंधू विवेक हजारे समोरच्या टोकाला उभे राहिले आणि त्या दोघांनी ३०० धावांची भागीदारी रचली. त्या तीनशेंत विवेक यांच्या धावा एकवीस.

१९/ एकवीस ही धावसंख्या कोणी मुद्दाम लक्षात ठेवत नाही. पण ती व्यक्ती बाद झाली असती तर ३०९ घडल्याच नसत्या. क्रिकेटमध्ये फलंदाज एकटा खेळूच शकत नाही, दुसऱ्या टोकाला कोणीतरी असावेच लागते. जिंतूरच्या जाळ्यापाशी चेंडू सोपवावाच लागतो, तसेच हे. पौलाच्या त्या बाराव्या अध्यायातला दुबळा भासणारा, तरीही अनिवार्य अवयव याहून स्पष्ट कोठे दिसेल? हजारे बंधूंनी तेव्हा पवित्र शास्त्राचा विचार केला असेल, असे सुचवायचे नाही. ते ऊन आणि फिरकी यांच्या विचारात असणार. बलोपासक ख्रिस्तधर्माचे प्रचारक मात्र कर्णधारांच्या आणि विक्रमवीरांच्या कथा सांगत राहिले. एकवीस धावांचे प्रवचन त्यांना सुचले नाही.

२०/ पंचरंगी सामने १९४६ साली कायमचे बंद झाले. पुढल्याच वर्षी, मार्च १९४७ मध्ये, रणजी स्पर्धेचा अंतिम सामना बडोदे विरुद्ध होळकर. पंजाबात दंगलींचा वणवा पेटला होता. बडोद्याकडून सांगलीचा ख्रिस्ती फलंदाज आणि लाहोरचा गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली : हजारे २८८, गुल महंमद ३१९. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी याहून मोठी भागीदारी २००६ पर्यंत झाली नाही. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ मध्ये त्या देशाकडून एक कसोटी खेळले.

२१/ जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेडला हजारे यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत शतके केली, ११६ आणि १४५. तो सामनाही भारत हरला. त्यांची मोठी कामगिरी आणि संघाचा पराभव ही जोडी अनेकदा जमली. नंतर चौदा कसोटींत ते कर्णधार होते. कर्णधार म्हणून ते फार सावध, फार बचावात्मक होते ही टीका रास्त आहे. नेतृत्व हा त्यांचा पिंड नव्हता. त्या चौदांपैकी विजय एकच.

२२/ तो विजय भारताचा कसोटीतला पहिला. मद्रास, फेब्रुवारी १९५२, प्रतिस्पर्धी इंग्लंड. ६ फेब्रुवारीला सामना सुरू झाला त्याच दिवशी राजे सहावे जॉर्ज वारले. भारताच्या संघात विनू मंकड, पंकज रॉय, लाला अमरनाथ, पॉली उम्रीगर, मुश्ताक अली, गुलाम अहमद असे खेळाडू होते. पंचरंगी चालू असती तर यांतले कित्येक एकमेकांविरुद्ध उभे राहिले असते. फिरकी गोलंदाज गुलाम अहमद हैदराबादचे. जिंतूर तेव्हा त्याच हैदराबाद राज्यात होते.

२३/ मंकड यांनी सामन्यात बारा गडी टिपले. रॉय आणि उम्रीगर यांनी शतके केली. १० फेब्रुवारीला भारत एक डाव आणि ८ धावांनी जिंकला. कर्णधार हजारे यांच्या बॅटीतून त्या सामन्यात मोठी खेळी झाली नाही.