फसफसणारा रस आणि सरकारी पहारा

१/ मध्य रेल्वेवर खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यान उंबरमाळी लागते. शहापूर-मुरबाडचा हा डोंगराळ पट्टा मोहाचा, तर जुन्या ठाणे जिल्ह्याची किनारपट्टी ताडा-माडाची. या झाडांच्या पेयांवरून इंग्रज सरकार आणि रयत समोरासमोर आली. त्या वादाचे मूळ एका बुडबुड्यात आहे.

२/ ताडाची वा माडाची पोय छेदून खाली मडके बांधले की गोड रस ठिबकतो. त्यात विरजण कोणी घालत नाही. हवेतले आणि मडक्याला चिकटलेले यीस्ट काही तासांतच साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करते. रस फेसाळतो, तीच ताडी. मडक्याला आतून चुना लावल्यास आंबणे लांबते आणि नीरा मिळते.

३/ फ्रान्समधील लिमू येथे आंबणे पुरे होण्याआधीच द्राक्षारस बाटलीत भरून फेस राखतात. स्थानिक परंपरा या पेयाचा आरंभ १५३१ सालचा मानते. ताडीचा फेस मात्र कोंडला जात नाही. ती ताजीच प्यावी लागते. राहिली तर शिरका होते.

४/ सरकारची अडचण हीच होती. भट्टीवर पहारा बसवता येतो. झाडावरच तयार होणाऱ्या पेयावर कसा बसवणार? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याविना रस काढणे गुन्हा ठरवले आणि झाडागणिक कराची पकड घट्ट केली. दारू गाळण्याचे काम गावांतून उठून मोजक्या मक्तेदारांकडे गेले.

५/ मोहपट्ट्यात प्रश्न अधिक बिकट होता. पाण्यात भिजवलेली मोहाची फुलेही आपोआप फसफसतात. पुढे ती गाळली की दारू होते. रानातली प्रत्येक भट्टी शोधणे अशक्य होते. म्हणून १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर आणि विकण्यावरच निर्बंध घातले.

६/ हीच फुले वाळवून ठेवणे हा आदिवासी कुटुंबांचा टंचाईतील आधार होता. दारूच्या महसुलासाठी घातलेले बंधन असे थेट अन्नापर्यंत पोहोचले.

७/ स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. आता हेतू महसुलाचा नव्हता, दारूबंदीचा होता. तरी न आंबलेली नीरा आणि आंबलेली ताडी यांच्यात रेषा ओढावीच लागली. सकाळी नीरा असलेला रस दुपारी ताडी होतो. कायद्याला गुन्हेगार माणूस हवा असतो; येथे आंबवण्याचे काम मात्र डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. शिक्षा मात्र झाडावर चढणाऱ्याला आणि फुले वेचणारीलाच झाली.