आजीचा मिक्सर खरंच टिकाऊ होता का?

“जुने मिक्सर काय टिकायचे! आताचे दोन वर्षांत खलास.” दिवाळीच्या फराळाची गडबड सुरू झाली की चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुठल्याही घरात हे वाक्य ऐकू येतं. तुम्ही पेटची तयारी करत असाल, किंवा विषय निवडायचा म्हणून डोकं धरून बसला असाल, तर हे वाक्य हसून सोडून देऊ नका. ते तपासता येतं. कसं, तेच आज बघू.

आधी इतिहास. १९६०च्या दशकात आपल्याकडच्या मोजक्या शहरी घरांत युरोपातले मिक्सर आले होते. ते तिकडच्या स्वयंपाकासाठी, म्हणजे फळं, सूप, केकचं पीठ अशा मऊ कामांसाठी बनवलेले. त्यात आपण घालणार सुकं खोबरं, भिजवलेली डाळ, हळकुंड. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी ब्राउनचा असाच एक मिक्सर बंद पडला. पत्नी माधुरी माथुर यांची गरज समोर होतीच. १९६३ साली माथुरांनी पॉवर कंट्रोल अँड अप्लायन्सेस ही कंपनी काढली आणि पुढे जास्त ताकदीच्या मोटरचा ‘सुमीत’ बाजारात आला. माधुरीताई स्वतः दुकानांत जाऊन प्रात्यक्षिकं दाखवायच्या. म्हणजे देशी मिक्सरचा हा इतिहास सुरू होतो तोच एका बंद पडलेल्या मिक्सरपासून. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हा वाद फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत ख्रिसमसला आलं-गुळासारख्या चवीची जिंजरब्रेड बिस्किटं करतात, त्याचं पीठ घट्ट असतं. तिथे १९१९पासून होबार्ट कंपनीचे किचनएड मिक्सर घरांत आले. १९८६ साली हा ब्रँड व्हर्लपूलकडे गेला आणि तेव्हापासून “होबार्टचे ते होबार्टचे” हे तिथलं पालुपद आहे.

आता आपल्या अनारशांकडे या. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, कापडावर अर्धवट सुकवून दळायचा. आपला धानाचा मुलूख, त्यामुळे तांदळाला तोटा नाही. पण हा दमट तांदूळ पात्यांखाली घट्ट बसतो आणि मोटरची परीक्षा बघतो. मिक्सरमध्ये युनिव्हर्सल मोटर असते. त्याच दांड्यावर खाली पंखा असतो, तो मोटर थंड ठेवतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की वेग कमी होतो. करंट मात्र फारसा घटत नाही, कारण तांदळाचा विरोध तेवढाच असतो. उष्णता जवळपास तेवढीच आणि हवा कमी. मग वाइंडिंग जळाल्याचा वास येतो. “पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद” असं पुस्तिकेत उगाच लिहिलेलं नसतं. (राज्याला वीज पुरवणारं महाऔष्णिक केंद्र चंद्रपुरात आणि व्होल्टेजची काळजी आपल्याच गावांना! असो.)

मग जुना मिक्सर टिकला कसा? इथे खरी गंमत आहे. “किती वर्षांचा?” हा प्रश्नच अपुरा आहे. “किती तास चालला?” हे विचारा. समजा, एका घरात मिक्सर फक्त सणावारी निघायचा, वर्षाला आठ तास. चाळीस वर्षांत झाले ३२० तास. दुसऱ्या घरात रोज वीस मिनिटं चटणी-वाटण. वर्षाला सुमारे १२० तास. म्हणजे आजीचा चाळीस वर्षांचा मिक्सर या घरात पावणेतीन वर्षांचाही भरत नाही! आजीकडे पाटा-वरवंटा होता, रोजचं वाटण त्यावर व्हायचं. हे त्या मिक्सरच्या हिशोबात कुणी धरत नाही, आणि आजीच्या हाताच्या हिशोबात तर नाहीच नाही.

दुसरी अडचण तुम्ही ओळखली असेलच. फळीवर दिसतो तो टिकलेला. त्याच्याच वर्षी घेतलेले आणि तिसऱ्या दिवाळीला जळालेले मिक्सर भंगारवाल्याकडे गेले, त्यांच्या आठवणी कोण सांगणार? आयुर्मान काढायचं तर मेलेले आणि अजून चालू असलेले, दोन्ही मोजावे लागतात. चालू मिक्सरचं आयुष्य आपल्याला पूर्ण माहीत नसतं, तरी ते वापरता येतं. कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ साली नेमकी त्याचीच रीत दिली. वैद्यकशास्त्रात ती रोज वापरतात, मिक्सरलाही चालते.

एवढं करूनही मला वाटतं, आजी सगळी चुकीची नाही. कार्बन ब्रश झिजतो, कपलर तुटतो. हे स्वस्त भाग मुळात झिजण्या-तुटण्यासाठीच असतात. मिक्सर ही मोठी खरेदी होती तेव्हा लोक ते बदलून घेत, मोटर पुन्हा वाइंड करून घेत. आज नवा मिक्सर दुरुस्तीच्या मानाने स्वस्त पडतो, म्हणून दुरुस्त होऊ शकणारा मिक्सरही आपण ‘मेला’ म्हणून टाकतो. तेव्हा अभ्यासात ‘मरण’ म्हणजे काय, याची व्याख्या आधी लिहून काढा: बंद पडला तो दिवस, की टाकून दिला तो दिवस?

विदा कुठे मिळेल? घरोघरी फिरण्याआधी तालुक्याच्या गावातल्या वाइंडिंगवाल्याकडे बसा, तेही दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात. चहा सांगा आणि प्रत्येक मिक्सरबरोबर एकच गोष्ट विचारा: बंद पडला तेव्हा भांड्यात काय होतं?