‘अख्पार’ : एका हाकेची गोष्ट

येरेवानमध्ये मित्राला हाक मारायची तर ‘अख्पेर’ म्हणतात. अर्थ भाऊ. त्यातल्या ‘ए’च्या जागी ‘आ’ घातला की ‘अख्पार’ होते. शब्दशः अर्थ तोच, भाऊ. पण १९४६नंतर कित्येक वर्षे सोव्हिएत आर्मेनियात हे दुसरे रूप हिणवण्यासाठी वापरले गेले.

आधी व्युत्पत्ती पाहू, कारण तिचे मूळ आपल्याही घरात आहे. ग्रांथिक आर्मेनियनमध्ये भाऊ म्हणजे ‘येल्बायर’. संस्कृत ‘भ्रातृ’शी याचे नाते आहे हे प्रथम वाचले तेव्हा मला ते ओढूनताणून आणलेले वाटले होते. पायऱ्या कागदावर मांडल्यावर शंका फिटली. मूळ शब्दाच्या आरंभीचा ‘ब्र’ उलटून ‘र्ब’ झाला. ‘नुकसान’चे ‘नुसकान’ करताना आपणही वर्णांची अशीच अदलाबदल करतो. आर्मेनियनला शब्दारंभीचा ‘र’ सोसत नाही, म्हणून त्याच्यापुढे स्वर आला, ‘इष्टेशन’मधल्या ‘इ’सारखा. मधला ‘त’ विरघळला. एका शब्दात दोन ‘र’ नकोत म्हणून पहिल्याचा ‘ल’ झाला. कालांतराने तो ‘ल’ घशात उतरला आणि बोलींमध्ये ‘अग्पार’, ‘अख्पार’, ‘अख्पेर’ अशी रूपे रुळली. आर्मेनियन ही इराणी भाषांची शाखा नसून स्वतंत्र शाखा आहे, हे ह्यूब्शमानने १८७५मध्ये दाखवले. बोलीतले शब्द गोळा करण्याचे अफाट काम राचिया अचार्यान यांनी केले. त्यांचा बोलीकोश १९१३चा.

आता ‘आ’ आणि ‘ए’चा प्रश्न. १९१५च्या नरसंहारातून वाचलेले पश्चिम आर्मेनियन बैरूत, अलेप्पो, ग्रीस, मार्सेय अशा ठिकाणी विखुरले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टालिनच्या राजवटीने त्यांना ‘मायदेशी’ बोलावले. सुमारे ९०,००० लोक आले. खरे तर यांतल्या बहुतेकांचे गाव तुर्कस्तानात होते. येरेवान त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. ते एकमेकांना आपल्या बोलीत ‘अख्पार’ म्हणत. युद्धाने पिचलेल्या, घरांची आणि भाकरीची टंचाई सोसणाऱ्या स्थानिकांनी त्यांचीच हाक उचलून त्यांना नाव म्हणून चिकटवली.

मुंबईत ‘भैया’ या शब्दाचे आपण काय केले, ते वाचकांना सांगायला नको. तोही ‘भ्रातृ’चाच वंशज. फरक इतकाच, की आपल्याकडे भाषा दोन होत्या. तिथे दोघेही आर्मेनियनच बोलत होते.

जून १९४९मध्ये हजारो लोकांना आल्ताई प्रदेशात हद्दपार केले गेले, त्यांत अनेक ‘अख्पार’ कुटुंबे होती. स्टालिनच्या मृत्यूनंतर त्यांना परतता आले. सत्तरच्या दशकात देश सोडण्याची वाट जराशी उघडली, तेव्हा पुष्कळांनी लॉस एंजेलिस गाठले. तिथे लेबनॉनच्या यादवीतून निसटलेले बैरूतचे आर्मेनियनही येऊन राहत होते. त्यांच्या तोंडी ‘अख्पार’ म्हणजे नुसता भाऊ.